उदास माणसांचं रक्त आणि चेऊलकरची खुर्ची

माझ्या सुईला श्रीवर्धनचे लोक घाबरत आणि चेऊलकरच्या खुर्चीत रमत. आम्ही दोघं एकाच दवाखान्यात, एकाच पार्टिशनच्या दोन बाजूंना काम करत होतो. अलीकडे मी, माझा मायक्रोस्कोप, काचेच्या नळ्या आणि स्पिरिटचा दिवा. पलीकडे तो, त्याचं टेबल, पानाचा डबा आणि रुग्णासाठी एक वेताची खुर्ची. मला निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चेऊलकर तर या जगातही नाही. तरी त्या खुर्चीची आठवण झाली की माझ्या पोटात अजून थोडं दुखतं.

रक्त तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्यानं हिवतापाच्या, हत्तीरोगाच्या गोष्टी सांगाव्यात अशी वाचकांची अपेक्षा असणार. त्या माझ्याकडे आहेत. पण त्या कामात मला कोणाचा हेवा वाटला नाही, म्हणून त्या मला तितक्या लक्षातही नाहीत. लक्षात राहिलं ते उदास माणसांच्या रक्ताचं काम.

साठ साल उलटून गेलं होतं. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. मी माणगावकडच्या भातशेतीवाल्या घरातला, मुंबईला राहून लॅबचा कोर्स केलेला. घराण्यात पगारावर काम करणारा पहिलाच. श्रीवर्धनला नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं होतं, गावात आपल्याला मान मिळेल. मिळालं ते नाव. लोक मला ‘रगतवाला’ म्हणू लागले. बाजारात समोरून येणारी बाई मुलाला सांगे, “गप र्‍हा, न्हाय तं तो बघ रगतवाला आला.” आणि त्याच बाजारात चेऊलकर निघाला की सुपारीवाला बागायतदार त्याला थांबवून हातावर सुपारी ठेवी.

चेऊलकर दवाखान्यात केसपेपर लिहायचा. नाव, गाव, वय, काय होतंय. एवढंच त्याचं काम. त्यातही तो उशिरा यायचा आणि अक्षर असं की डॉक्टरांना त्यालाच बोलावून वाचून घ्यावं लागे. माणूस इथलाच, त्यामुळे कोणाची सून कुठली हे त्याला तोंडपाठ. सदा पान खायचा. तोंडात पान असलं की बोलता येत नाही, म्हणून तो समोरच्याला नुसता मान हलवून दाद द्यायचा, आणि समोरचा बोलत राहायचा. मी बायकोला म्हणायचो, या माणसाचं सगळं कसब म्हणजे त्याचं भरलेलं तोंड.

अशात डॉक्टर पाठारे आले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ते मनाच्या आजारांचं काम करत. आजोळ दिवेआगरचं, त्यामुळे या बाजूला येणं-जाणं होतंच. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न होता आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या परवानगीनं तो प्रश्न घेऊन ते महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊ लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बसवून तो समजावून सांगितला. काही माणसं उदास होतात, म्हणजे दोन दिवस वाईट वाटतं तशी नव्हे. महिनेच्या महिने उठत नाहीत, जेवत नाहीत, कशात जीव नाही. यातल्या काहींची बुद्धी मात्र शाबूत असते. काहींचं डोकंच चालेनासं होतं. नावं विसरतात, हिशेब चुकतात, बोलता बोलता धागा सुटतो. एकाच आजारात हा फरक का?

“शरीर म्हणजे एक चूल आहे असं समजा,” ते म्हणाले. “आपण खातो ते तिच्यात जळतं. काही पुरतं जळतं, काही अर्धवट राहतं, काहीची राख होते. त्या सगळ्याचे बारीक अंश रक्तातून फिरत असतात. साखर, क्षार, चरबी, आणखी कितीतरी. चूल नीट पेटत नसेल तर ते रक्तात कळेल. आणि चूल मंद असेल तर डोक्यापर्यंत धग पोचणार कशी? मला एवढंच बघायचंय, की ज्यांचं डोकं मंदावलं त्यांच्या रक्तात काही वेगळं सापडतं का.”

मी भारावून गेलो. हे माझं काम होतं. रक्त काढायचं, ते थोडा वेळ ठेवायचं, मग हातानं फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवायचं. लाल भाग खाली बसतो आणि वर पातळ तुपाच्या रंगाचं पाणी उरतं. तेच सिरम. त्यातलं काही मी इथे तपासायचं, बाकीचं बर्फात घालून एस.टी.नं माणगावमार्गे मुंबईला पाठवायचं. बर्फ मिळे तो जीवना बंदरावर, मासळीसाठी आलेला. त्यामुळे आमच्या पेटीला पापलेटचा वास यायचा आणि मुंबईच्या लॅबमधून तशी तक्रारही आली होती.

दुसरा भाग होता प्रश्न विचारण्याचा. महिने उलटे सांगा. शंभरातून सात वजा करत चला. कोयता, होडी, मीठ, आरसा, दोरी हे शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळानं पुन्हा विचारीन. शिवाय झोप, भूक, मन कशात लागतं, कशात नाही, हे सगळं बोलतं करून लिहून घ्यायचं. हेही काम माझ्याकडेच येणार असं मी धरून चाललो होतो. शिकलेला मी होतो.

डॉक्टर म्हणाले, “ते चेऊलकर करील.”

“मी करतो ना, साहेब,” मी म्हटलं. “मला वेळ आहे.”

“ज्यानं आत्ताच सुई टोचली त्याच्यापाशी कोण मन मोकळं करील, शांताराम?” डॉक्टर हसून म्हणाले. चेऊलकरनंही मान हलवली. तोंडात पान होतंच.

तेव्हापासून महिन्यातला तो एक दिवस माझ्यासाठी नुसता जळफळाट घेऊन यायचा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असल्यामुळे माणसं आधी माझ्याकडे येत. भेदरलेली, भुकेली, चिडलेली. सुया तेव्हा उकळून पुन्हा वापरायच्या, दगडावर धार लावून. कितीही धार लावा, टोचायचं तेवढं टोचायचंच. मग त्यांना चहा मिळे, बटर मिळे, आणि ती पार्टिशनच्या पलीकडे जात. पलीकडे गेलं की त्यांना कंठ फुटायचा.

इब्राहिम सारंग म्हणून एक म्हातारा होता. उभं आयुष्य बोटीवर गेलेलं, आणि बोटीवरची नोकरी सुटल्यापासून घराच्या ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला. माझ्याकडे आला तेव्हा त्यानं हात पुढे केला आणि डोळे मिटले. नाव विचारलं तर उत्तर नाही. पलीकडे गेल्यावर मात्र चेऊलकरनं त्याला महिने विचारलेच नाहीत. “सारंगचाचा, मुंबईहून विलायतेला निघालो तर बंदरं कुठली कुठली लागतात?” असं विचारलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग जड आवाज आला, “एडन.” मग, “एडनच्या म्होरं… थांब. सांगतंय. मना ठाऊक हाय.” तो अडखळत होता, चुकत होता, परत मागे येत होता, पण बोलत होता. मी हातातलं यंत्र फिरवायचं थांबवून ऐकत राहिलो.

डॉक्टरांनी ते वाचून घेऊन चेऊलकरच्या पाठीवर थाप मारली. त्याच दिवशी मी सारंगचं रक्त तपासलं होतं आणि ते एखाद्या तरुणासारखं निघालं होतं. साखर ठीक, चरबी ठीक, सगळं ठीक. निष्कर्ष नीट काढायलाही कष्ट पडतात, पण ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याच्या पाठीवर कोणी थाप मारत नाही.

सुमन, माझी बायको, म्हसळ्याच्या बाजूची. आमचा पहिला मुलगा जन्मून थोड्याच दिवसांत गेला. त्यानंतर ती गप्प झाली. कोणीही होईल. शेजारच्या बायका म्हणत, दिवस जातील तशी सावरेल. दिवस गेले, पण ती सावरण्याऐवजी खोल खोल जात राहिली. आधी ती रडायची, मग रडेनाशी झाली. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही. मी काही सांगितलं की ती माझ्याकडे बघत राही, जणू माझे शब्द लांबच्या रस्त्यानं तिच्यापर्यंत येत होते. उत्तर देई, पण हळू, आणि आवाजही भरडा झालेला. अंगानं मात्र भरली होती. शेजारीण मला म्हणाली, “चेहरा भरलाय हो सुमनचा. आता मनाचं बघा.” मीही तेच धरून बसलो होतो, की हे मनाचं आहे, दुःख आहे, आणि दुःखाला औषध नसतं.

चेऊलकर एकदा आमच्याकडे सुपारी द्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मला म्हणाला, “शांताराम, वहिनींना एकदा डॉक्टर पाठाऱ्यांना दाखव.”

“तिला काय झालंय?” मी विचारलं.

“मला काय कळतंय? पण एकदा आण.”

मला राग आला. घर माझं, बायको माझी, आणि हा दाराशी उभा राहून चहा पिऊन गेलेला माणूस मला सांगणार. मी म्हटलं, “मूल गेलेली बाई आहे ती. तिचं दुःख तुमच्या टेबलावर मांडायला आणू?” त्यानं डब्यातून पान काढलं. मी तिला नेलं नाही.

मग एके दुपारी मी जेवायला घरी आलो तर दारातच जळका वास. स्टोव्ह पेटलेला, त्यावरचं पातेलं कोरडं होऊन लाल झालेलं, आणि शेजारीच सुमन भिंतीला टेकून झोपलेली. तिच्या पदराचं टोक स्टोव्हपासून वीतभर. मी स्टोव्ह बंद केला, तिला हलवलं. तिनं डोळे उघडले, पातेल्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे कोणी ठेवलं?”

डॉक्टरांच्या पुढच्या फेरीला मी तिला घेऊन गेलो.

तिचं रक्त मीच काढलं. दुसरं कोण काढणार? आयुष्यात इतक्या शिरा शोधल्या, पण तिच्या हातावरची शीर मला सापडेना. हात गार होता, कातडी जाडसर, कोरडी. ती म्हणाली, “घाबरता कशाला, काढा ना.” मग मिळाली. मी तिला चहा दिला आणि ती पार्टिशनच्या पलीकडे गेली.

मी यंत्र फिरवायला घेतलं. पलीकडून आधी चेऊलकरचा आवाज, मग मोठी शांतता, मग सुमनचा हळू आवाज. शब्द कळत नव्हते. ती बोलत होती, थांबत होती, परत बोलत होती. घरात माझ्याशी ती दिवसभरात जितकं बोलायची त्याहून जास्त ती तिथे बोलून मोकळी झाली असेल. आणि मग ती हसली.

मोठ्यानं नाही. एकदाच, घशातल्या घशात. पण ते सुमनचं हसू होतं. मुलगा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या छातीत मात्र कोणीतरी निखारा ठेवावा तसं झालं. ज्या हसण्यासाठी मी गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं, तिला देवळात नेलं, समुद्रावर नेलं, ते हसू या पान खाणाऱ्या कारकुनानं वेताच्या खुर्चीत बसवून काढलं.

ती घरी गेल्यावर मी पलीकडे गेलो. “काय विचारलंस तिला?”

“सगळ्यांना विचारतो तेच.”

“हसली कशाला?”

“हसल्या खऱ्या,” तो म्हणाला, आणि पानाला चुना लावू लागला.

“कशाला, ते सांग ना.”

“डॉक्टरांनी बजावलंय, शांताराम. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. नवरा असला तरी.”

त्या ‘नवरा असला तरी’नं मला जे झालं ते लिहिता येत नाही. संध्याकाळी घरी मी सुमनला विचारलं, “दवाखान्यात हसलीस ती कशाला?” ती विचार करत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाली, “हसले होते? नाही हो आठवत.” ती खरंच विसरली होती की मला सांगायचं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. बरी झाल्यावरही तिला ते आठवलं नाही, आणि चेऊलकरनंही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता त्या हिरव्या रंगाविषयी सांगायला हवं. रक्तातली एक चरबी, कोलेस्टेरॉल, ही तपासणी मी इथेच करत असे. सिरममधली चरबी काढून घ्यायची, तिच्यात दोन जहाल आम्लं घालायची आणि नळी अंधाऱ्या कपाटात ठेवायची. बाहेर काढली की पाण्यात हिरवा रंग उतरलेला असतो. चरबी जितकी जास्त तितका हिरवा गडद. सुमनची नळी काढली तर शेवाळ्यासारखी हिरवीगार. मला वाटलं, आम्ल जास्त पडलं. हात ठिकाणावर नव्हता त्या दिवशी, हे मला माहीत होतं. पुन्हा केली. तोच रंग. तिच्या वयाच्या, बेताचं जेवणाऱ्या बाईच्या रक्तात एवढी चरबी का, हे मला उमगेना. त्याच दुपारी मी आकडा लिहून डॉक्टरांपुढे ठेवला आणि बाजूला उभा राहिलो.

डॉक्टरांनी माझा आकडा पाहिला. मग चेऊलकरनं लिहिलेलं पुढे ओढलं आणि “शांतारामलाही ऐकू दे, आजाराचं तेवढं वाच,” म्हणून त्याला वाचायला लावलं. चेऊलकर वाचू लागला. महिने उलटे सांगता आले नाहीत. शब्दांपैकी मीठ आणि दोरी एवढेच आठवले. बांगड्या हातात रुततात म्हणाल्या. केस मुठीनं गळतात. सगळ्यांना घाम येतो तेव्हा मला थंडी वाजते म्हणाल्या. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मागल्या अंगणात उन्हात जाऊन बसते म्हणाल्या.

मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. उन्हात बसते. मी दवाखान्यात असताना, अंगणातल्या त्या दगडावर, भर उन्हात. मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. याला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी सुमनला घरून पुन्हा बोलावलं, खुर्चीवर गुडघे टेकवून उलटं बसायला सांगितलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीनं हलकेच मारलं. पाऊल झटक्यात उडालं, पण खाली येताना हळूहळू आलं, झोपेत असल्यासारखं. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. मग तिच्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे एक ग्रंथी असते. शरीराची चूल किती मोठी ठेवायची ते ती ठरवते. बाळंतपणानंतर कधीकधी ती थकते. दुःख यांना आहेच, पण त्याच्या आत हे दुसरं लपून बसलंय. मुंबईला आणखी एक तपासणी पाठवू. बहुतेक मी म्हणतो तसंच निघेल.”

तसंच निघालं. त्या ग्रंथीच्या अर्काच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या फेरीला जाताना डॉक्टर चेऊलकरला म्हणाले, “थंडीचं विचारलंस ते फार बरं केलंस.”

“मी विचारलं नाही, साहेब,” तो म्हणाला. “त्याच बोलल्या.”

हिरवा रंग माझा होता, हे कोणी बोललं नाही. डॉक्टरांच्या मनात ते नव्हतं असं नाही. त्यांनी माझाच आकडा आधी पाहिला होता. पण मला त्या क्षणी शाबासकी हवी होती आणि ती पार्टिशनच्या पलीकडे गेली.

सुमन एकदम बरी झाली नाही. आधी तिचे हात गरम झाले. मग एक दिवस तिनं मला टोकलं, “साखर या डब्यात कशाला भरलीत? हा पोह्यांचा आहे.” बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. मी तो डबा हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो.

आणि नंतर एका सकाळी ती रडली. पोटातून, आवाज करून, मुलाचं नाव घेऊन. मी घाबरलो. वाटलं, औषध उलटलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “तो गेलाय हे मला ठाऊक होतं हो इतके दिवस. पण तो कसा होता ते आठवतच नव्हतं. आज आठवला. त्याचे कान तुमच्यासारखे होते.” आम्ही दोघंही रडलो. त्या दिवशी मी दवाखान्यात उशिरा गेलो, आणि माझे सुजलेले डोळे पाहून चेऊलकरनं न विचारता माझ्या जागी रुग्णांची रांग लावून ठेवली. त्याचे उपकार घ्यावे लागले, याचाही मला राग आला.

थोड्या दिवसांनी सुमननं फणसाची साठं, उन्हात वाळवलेल्या रसाच्या पोळ्या, डब्यात घालून दिली. “चेऊलकर भावोजींना द्या,” म्हणाली. मी तो डबा नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं एक साठ तोंडात टाकलं आणि म्हणाला, “वहिनींना सांग, फार गोड आहे.” मी घरी जाऊन सांगितलं, “पोचलं.”

कोणी असं समजू नये की आम्हाला उदासीची किल्ली सापडली. सुमनसारखं रक्त त्या सगळ्या काळात आम्हाला पुन्हा फारसं दिसलं नाही. बाकीच्यांच्या रक्तात कधी साखर थोडी वर, कधी काही थोडं खाली. त्यावरून डॉक्टर पाठाऱ्यांना ठाम काही म्हणता आलं नाही, आणि ते प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी म्हटलंही नाही. ते म्हणायचे, “रक्तात काहीतरी आहे, शांताराम. आपल्याकडे अजून ते बघायची नजर नाही.” इब्राहिम सारंगचं तर रक्त निर्दोष आणि माणूस बुडालेला. शेवटी घरच्यांनी त्याला मुंबईला नेलं, तिथे विजेचे झटके दिले. परत आला तो बाजारात हिंडू लागला, नातवाला खांद्यावर घेऊ लागला. चेऊलकरनं त्याला बंदरं विचारली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “एडनच्या म्होरं आता कायच नाय रे. सगलं धुऊन गेलं. पन जेवन गोड लागतंय.” त्याचं दुःख गेलं आणि त्याच्याबरोबर त्याचा समुद्रही गेला. हा सौदा बरा की वाईट, हे ठरवणारी तपासणी माझ्याकडे नव्हती.

मग चेऊलकरची बदली अलिबागला झाली. दवाखान्यात त्याला नारळ दिला, मीही दोन शब्द बोललो. चांगले बोललो. आतून मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्याची ट्रंक उचलून स्वतः एस.टी.च्या टपावर चढवली. डॉक्टर पाठारे पुढच्या फेरीला आले आणि म्हणाले, “आता प्रश्नही तूच विचार, शांताराम. दुसरं कोणी नाही.” दुसरं कोणी नाही म्हणून का होईना, खुर्ची माझ्याकडे आली.

माझ्यासमोर पहिली आली ती जीवना बंदरावरची जनाबाई. कोळीण, एके काळी मासळीच्या लिलावात जिचा आवाज सगळ्यांत वर असायचा. आता तिला भाव आठवत नसत, गिऱ्हाईक आठवत नसे, आणि टोपली तशीच भरलेली परत येई. चेऊलकरकडे ती नियमानं यायची. मी तिचं रक्त काढलं, हात धुतले आणि पलीकडे जाऊन टेबलाशी बसलो. कागद सरळ केला. “महिने उलटे सांगा.” ती माझ्याकडे बघत राहिली. “बरं, वार सांगा.” काही नाही. “झोप लागते का? भूक? मन कशात लागतं?” मी एकामागून एक विचारत गेलो. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती उठून गेली.

घरी येऊन मी सुमनला म्हटलं, “ती बोलायलाच तयार नाही. त्याला मात्र सगळं सांगायची.”

सुमन भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुम्ही उत्तराची वाट बघत नाही. तुम्ही बरोबर उत्तराची वाट बघता.”

“म्हणजे काय?”

“मी तिथे बसले होते ना, तेव्हा मला महिने येत नव्हते. चेऊलकर भावोजींनी ते येईपर्यंत वाट बघितली असं नाही. ते नुसते बसले होते. मग मला वाटलं, महिने जाऊ देत, थंडी वाजते ते सांगू.”

मला ते झोंबलं. पण पुढच्या महिन्यात जनाबाईचं रक्त काढल्यावर मी तिला चहा दिला, माझाही कप घेतला आणि समोर जाऊन बसलो. कागद बाजूला ठेवला. प्रश्न एकच विचारला, “कशा आहात?” आणि गप्प राहिलो. गप्प राहणं हे कामाइतकं अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. हाताला करायला काही नव्हतं. पान खायची सवय नव्हती. बाहेर कोणीतरी खोकत होतं. चहा निवला.

मग जनाबाई म्हणाली, “तुजी बायको बरी हाय ना आता?”

मी म्हटलं, “बरी आहे.” आणि तेवढ्यावर थांबणार होतो, पण ती बघत होती, वाट बघत होती. तेव्हा मी सांगितलं. मुलाचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं, अंगणातल्या उन्हाचं सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली. माझं झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तिचं सुरू झालं. पोरगा होडीवरून परतला नव्हता. लोक म्हणतात आता विसर, आणि विसरायला गेलं तर सगळंच विसरतं, तेवढं सोडून. असं ती बराच वेळ बोलली. मधेच तिनं आपण होऊन दोन माशांचे भाव सांगितले. बरोबर होते की नाही, मी पाहिलं नाही.

निघताना ती दारात थांबली. “चेऊलकर परत येनार हाय का?”

“नाही,” मी म्हटलं. “आता मीच आहे.”

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत विचार करत राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “मंग म्होरच्या टायमाला तुलाच सांगन.”